वारीचे शेवटचे मुक्काम : नातेपुते ते पंढरपूर पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

आळंदी ते पंढरपूर ही माऊलींच्या पालखीची वाट साधारण अडीचशे किलोमीटरची. ती पूर्ण चालायची तर तीन आठवड्यांच्या आसपास सवड काढावी लागते. नोकरी, शेतीची कामं, घरची आजारपणं यांतून ती सगळ्यांनाच मिळत नाही. म्हणून बरेच जण पहिली वारी शेवटच्या पाच-सहा दिवसांची करतात, नातेपुते किंवा माळशिरसला सामील होऊन थेट पंढरपूर गाठतात. यात कमीपणा काही नाही. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघालेला माणूस आणि माळशिरसला आलेला माणूस दिंडीत एकाच पंगतीला बसतात, आणि दोघांनाही ‘माऊली’ म्हणूनच हाक मारली जाते.

या शेवटच्या टप्प्यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे, आणि नवख्यांना तो आधी कळलेला बरा. दिवे घाटासारखा चढ इथे नाही. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस, रोजची चाल पंधरा ते वीस किलोमीटरच्या घरात. अवघड आहे ती गर्दी आणि त्या गर्दीत उभं राहणं. जसजसं पंढरपूर जवळ येतं तसतशा वाटा एकमेकींना मिळत जातात, माणूस वाढतो, चाल मंदावते. शेवटच्या दिवशी तर अंतर अगदी थोडं, पण पोहोचायला रात्र होते. तेव्हा तयारी करताना चालण्याइतकाच विचार थांबण्याचाही करा. उन्हात तासभर उभं राहता येणं, गर्दीत न चिडता सरकणं, पाण्यासाठी रांगेत वाट पाहणं हे या पाच दिवसांतलं खरं काम आहे.

तारीख आधी तिथीवर बघा

वारी तिथीवर चालते. आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. रजा टाकण्याआधी त्या वर्षीचा पालखी सोहळ्याचा छापील कार्यक्रम मिळवा. मुक्काम, विसावे, रिंगणाच्या (वारकरी आणि घोडे धावतात त्या सोहळ्याच्या) जागा सगळं त्यात असतं. तिथीची वृद्धी किंवा क्षय असेल तर एखादा मुक्काम वाढतो किंवा बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद पाहून तिकीट काढू नका.

ढोबळ हिशेब असा धरा. पालखी दशमीला पंढरपुरात पोहोचते. आदल्या रात्रीचा मुक्काम वाखरीला, त्याआधी भंडीशेगाव, त्याआधी वेळापूर, त्याआधी माळशिरस, आणि त्याही आधी नातेपुते. म्हणजे नातेपुत्याला संध्याकाळी तळावर पोहोचलात तर पाच दिवस चालणं होतं. आणखी एक दिवस काढता आला तर बरडपासून या. बरडहून नातेपुत्याला येताना धर्मपुरीजवळ पालखी सातारा जिल्हा सोडून सोलापूर जिल्ह्यात येते आणि तिथे होणारं स्वागत बघण्यासारखं असतं.

तुकोबारायांच्या पालखीबरोबर चालायचं असेल तर तिची वाट वेगळी : इंदापूर, सराटी, अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली आणि मग वाखरी. सराटीहून अकलूजला येताना नीरेत पादुकांना स्नान होतं, अकलूजला गोल रिंगण होतं, माळीनगरला उभं. खाली लिहिलेलं सामान, पाय, पाणी, दिंडीची शिस्त हे सगळं तिथेही तसंच लागू आहे. मुक्कामांची माहिती मात्र मी माऊलींच्या वाटेची देतो आहे.

दिंडीत जायचं की मोकळं चालायचं

माझं स्पष्ट मत : पहिल्या वेळी दिंडीतच जा. मोकळं चालणारे हजारो असतात, आणि वाटेत कुणी उपाशी राहत नाही हेही खरं. पण शेवटच्या टप्प्यांत झोपायची जागा, सामान ठेवायची जागा आणि रात्री परतायची ओळखीची राहुटी या तीन गोष्टी दिंडीशिवाय मिळवायच्या म्हटल्या तर निम्मी शक्ती तिथेच जाते. वारीचं अंतरंगही दिंडीतच कळतं. बाहेरून चाललं की दिसतो तो नुसता लोंढा. आत गेलं की कुणी कुठे उभं राहायचं, कोणत्या वेळी कोणते अभंग घ्यायचे, कुणी कुणाला पाणी द्यायचं याची पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली घडी दिसते. या घडीचं श्रेय हैबतबाबा आरफळकरांना जातं. माऊलींच्या पादुका पालखीत ठेवून लष्करी शिस्तीने सोहळा न्यायची रीत त्यांनी एकोणिसाव्या शतकात बसवली. सोहळ्यातले घोडे आजही बेळगावकडच्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात.

दिंडी शोधायची कशी? तुमच्या गावात, शेजारच्या गावात किंवा नातेवाइकांत कुणीतरी वारकरी असतोच. त्यांच्याकडून दिंडीचालकांशी बोला आणि महिना-दीड महिना आधी बोला. विचारायच्या गोष्टी :

- शेवटच्या पाच-सहा मुक्कामांपुरतं घेता का? काही दिंड्या घेतात, काहींकडे राहुट्या आधीच भरलेल्या असतात.
- भिशी किती? दिंडीतल्या जेवणखाण्याचा आणि सोयीचा जो वाटा आपण देतो त्याला भिशी म्हणतात. ती पंढरपूरपर्यंतचीच आहे की पंढरपुरातल्या मठातली राहण्या-जेवणाची सोयही तीत धरली आहे, हे नीट विचारा. सर्वाधिक गैरसमज इथेच होतात.
- सामान ट्रकमध्ये किती चालेल?
- बायकांची राहुटी वेगळी आहे का?
- दिंडीचा नंबर काय?

हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माऊलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. ‘रथापुढे अमुक’ किंवा ‘रथामागे अमुक’ हाच वारीतला तुमचा पत्ता. चुकलात, मोबाइल बंद पडला, अंधार झाला, तरी हा नंबर सांगितला की कुणीही वारकरी तुम्हाला तुमच्या दिंडीच्या दिशेने लावून देतो. नंबर, दिंडीचालकांचा फोन आणि घरचा फोन कागदावर लिहून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा. मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर प्रत्येकाच्या खिशात असा एक कागद हवा.

पाय आणि अंग

दीड महिना आधी चालायला लागा. सुरुवात रोज चार-पाच किलोमीटरने, शेवटच्या दोन आठवड्यांत दहा-बारा. त्यातले एक-दोन दिवस दुपारी चाला. पहाटेच्या गारव्यात दहा किलोमीटर जाणारा माणूस माळशिरसच्या उन्हात पाच किलोमीटरवर बसतो. हा तालुका पर्जन्यछायेचा. आषाढ असला तरी पाऊस हमखास नाही, पण दमट उकाडा हमखास. रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी मोठी झाडं गेली आहेत, नवी लावलेली अजून लहान आहेत, त्यामुळे सावलीच्या भरवशावर राहू नका. पालखी महामार्गाचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं. आता रस्ता रुंद आहे आणि कडेने चालायला जागाही केली आहे, पण तापलेला काँक्रीटचा रस्ता तळव्यांना फार जाचतो. शक्य असेल तिथे कडेच्या मातीवरून चाला. पाऊस झाला असेल तर मात्र उलट करा, कारण इथली काळी माती चपलेला अशी चिकटते की पाय उचलणं जड जातं.

चप्पल-बूट नवे घेऊ नका. महिनाभर वापरलेली, मागे पट्टा असलेली सँडल या वाटेला उत्तम. बूट भिजले की वाळत नाहीत आणि ओल्या मोज्यात फोड हटकून येतो. अनवाणी चालायची इच्छा असेल तर आधीपासूनची सवय हवी. ऐन वारीत अनवाणी चालायला सुरुवात केली तर दुसऱ्या दिवशी दुपारी तळवे सोलवटतात आणि उरलेली वाट आरोग्य पथकाच्या गाडीत जाते.

जाडसर माणसांना पायाच्या फोडांहून जास्त त्रास मांड्या घासल्याचा होतो, आणि संकोचामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही. सकाळी निघताना जांघेत आणि काखेत खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन भरपूर लावा, आतून गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला. साडी नेसणाऱ्या बायकांनीही हे करावं. फोड आला तर तो फोडू नका, वरून चिकटपट्टी लावा. आपसूक फुटला तर स्वच्छ धुऊन मलमपट्टी करून घ्या. वाटेवर सरकारी आरोग्य पथकं आणि सेवाभावी डॉक्टरांचे तंबू थोड्या-थोड्या अंतरावर असतात, रात्री पाय चोळून देणारेही भेटतात. मधुमेह असेल तर तळव्यांची तपासणी रोज रात्री दुसऱ्याकडून करून घ्या, कारण जखम झालेली स्वतःला कळत नाही. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, निम्म्या अंगावरच्या पिशवीत, निम्म्या ट्रकमधल्या सामानात. रुग्णवाहिकेचा नंबर १०८, पोलिसांचा ११२.

सामान

दोन पिशव्या करा. मोठी ट्रकमध्ये जाईल आणि रात्रीच हाती येईल. तिच्यात कपड्यांचे दोन जोड, अंथरूण-पांघरूण, टॉवेल, बॅटरी, दोरी, साबण. पिशवीवर नाव आणि दिंडीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहा. सगळ्यांच्या पिशव्या सारख्याच असतात आणि तळावर पोहोचल्यावर अंधारात शोधाशोध होते, म्हणून रंगीत चिंधी बांधलेली चांगली.

खांद्यावरची पिशवी हलकी ठेवा : पाण्याची बाटली, टोपी किंवा उपरणं, गोळ्या, मीठ-साखरेच्या पुड्या, चिकटपट्टी, थोडी सुट्टी रोकड, ताट-पेला, आणि अंगावर घ्यायला प्लास्टिकचा मोठा कागद. रेनकोटपेक्षा हा कागद कधीही बरा. पावसात डोक्यावरून घेता येतो, विसाव्याला अंथरता येतो, रात्री राहुटी गळायला लागली तर पांघरता येतो. ताट-पेला स्वतःचा नेलात तर कागदी पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले टाकावे लागत नाहीत. पालखी पुढे गेल्यावर मागे उरणारा कचरा त्या गावाला उचलावा लागतो, याची आठवण ठेवा.

सोनं घरी ठेवा, मंगळसूत्रसुद्धा काळ्या मण्यांचं साधं घाला. गर्दीत चोऱ्या होतात. मोबाइलवरून पैसे देण्यावर विसंबू नका, वाखरीला लाखो माणसं एका जागी आल्यावर नेटवर्क बसतं.

दिंडीतला दिवस

पहाटे तीन-साडेतीनला तळ जागा होतो. टँकरच्या पाण्याने अंघोळ, मग चहा. निघायच्या आधी तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला पालखी हलते. नवख्यांची धांदल नेहमी पहिल्या आणि दुसऱ्या कर्ण्याच्या मध्ये उडते, म्हणून रात्रीच पिशवी भरून झोपा. शौचाचं म्हणाल तर फिरती शौचालयं तळाच्या कडेला उभी केलेली असतात. चारच्या आत जाऊन आलात तर रांग लागत नाही. बायकांनी दोघी-तिघींनी मिळून जावं आणि बॅटरी बरोबर घ्यावी. पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅड आणि वापरलेले गुंडाळायला कागद जवळ असू द्या. वाटेवर बायकांसाठी हिरकणी कक्ष असतात, तान्ह्या मुलाला पाजायला आणि थोडं टेकायलाही तिथे जागा मिळते.

दिंडीची रचना समजून घ्या. पुढे पताकाधारी, मग टाळकऱ्यांच्या ओळी आणि मृदंग, त्यांच्या पाठी विणेकरी, त्यामागे तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बाया. वीणा हा दिंडीचा मध्य. विणेकऱ्याला नमस्कार करून दिवस सुरू करायची रीत आहे. टाळकऱ्यांच्या ओळीत विचारल्याशिवाय घुसू नका. टाळ वाजवता येत नसेल तर मागून चाला आणि ध्रुपद ऐकून म्हणा, दोन दिवसांत पुष्कळसं तोंडात बसतं. चालत्या दिंडीला आडवं जाऊन रस्ता ओलांडायचा नाही, दोन दिंड्यांच्या मधून जायचं. भेटेल त्याच्या पाया पडायचं आणि कुणी आपल्या पाया पडला तर संकोचून मागे सरायचं नाही, वाकून तोच नमस्कार त्याला परत द्यायचा. वय, शिक्षण, जात काही विचारायचं नाही.

वाटेत खायला इतकं देतात की नवखा माणूस आजारी पडतो तो बहुधा अति खाण्याने. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, वडापाव, ताक, पुन्हा चहा. प्रेमाने दिलेलं नाकारवत नाही हे खरं, पण हात जोडून ‘झालंय माऊली’ म्हटलं की कुणी रागावत नाही. दिंडीतलं दोन वेळचं पिठलं-भाकरी, वरण-भात पोटभर जेवा आणि मधलं बेताने. पाणी टँकरचं किंवा स्वतः मेडिक्लोरचे थेंब टाकलेलं, उघड्या विहिरीचं नको. मांस आणि दारू या दिवसांत पूर्ण वर्ज्य, आणि त्यात दिंडी सूट देत नाही. तुळशीची माळ विकत मिळते म्हणून हौसेने गळ्यात घालू नका. माळ घालणं म्हणजे शाकाहार, एकादशी आणि वारी यांचं आयुष्यभराचं वचन. द्यायची तयारी झाली की फडातल्या (वारकऱ्यांच्या परंपरागत गटातल्या) जाणत्यांकडून घ्या.

संध्याकाळी तळावर समाज आरती होते. ती चुकवू नका, पाय कितीही दुखत असले तरी. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या असतात, शेकडो टाळ एका वेळी वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार दंड उंच करतात आणि सगळं शांत होतं. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा होतो आणि मगच आरती. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू तिथेच पुकारल्या जातात. एवढ्या मोठ्या समाजाचं गाऱ्हाणं एका माणसाच्या उंचावलेल्या दंडासमोर, सगळ्यांच्या देखत मिटतं, हे मला वारीतलं सगळ्यात मोठं शिक्षण वाटतं.

मुक्कामागणिक वाट

नातेपुते ते माळशिरस : वाटेत सदाशिवनगर-पुरंदवडे परिसरात पहिलं गोल रिंगण होतं. त्याआधी लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होऊन गेलेलं असतं, तुमच्यासाठी हे पहिलं. या दिवशी ऊन आणि रिंगणाची गर्दी यांनी नवख्याची दमछाक होते, म्हणून सकाळच्या गारव्यात वेग राखा.

माळशिरस ते वेळापूर : सकाळी खुडूस फाट्याला गोल रिंगण. पुढे वेळापूरच्या अलीकडे मानाचं भारूड असतं आणि मग धाव्याचा उतार. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले असं सांगतात. त्या आठवणीने सगळ्या दिंड्या उतारावरून धावतात. गुडघे दुखत असतील तर कडेला होऊन उतरा, कारण मधे थांबणारा माणूस मागच्याच्या पायात येतो. वेळापूरला अंगात त्राण उरलं असेल तर यादवकालीन अर्धनारी नटेश्वराचं देऊळ बघा.

वेळापूर ते भंडीशेगाव : ठाकूरबुवांच्या समाधीपाशी गोल रिंगण, तोंडले-बोंडल्याला विसावा, पुढे टप्प्यावर सोपानकाकांच्या पालखीची आणि माऊलींची भेट. भावाभावांची ही भेट बघायला रस्ता तुडुंब भरतो. उंच जागा शोधत झाडावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढणारे असतात, तुम्ही चढू नका. हा चालायला लांब दिवस आहे, दुपारचा विसावा पूर्ण घ्या.

भंडीशेगाव ते वाखरी : चाल कमी, पण बाजीराव विहिरीपाशी उभं आणि गोल दोन्ही रिंगणं. वाखरीला तुकोबांच्या आणि इतर संतांच्या पालख्याही येतात. रात्री तळ इतका पसरतो की आपली राहुटी सोडून लांब गेलेला माणूस तासन्‌तास भटकतो. तळावर पोहोचल्याबरोबर राहुटीजवळची एखादी ठळक खूण, पाण्याची टाकी, विजेचा मनोरा, मनात पक्की करा.

रिंगणात कसं उभं राहायचं

गोल रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, आणि शेवटी घोडे. एका घोड्यावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. घोडे दौडून गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला लोक धावतात. चेंगराचेंगरी होते ती याच क्षणी. मूल कडेवर असेल तर बसून राहा, माती नंतरही मिळते. लांबून बघणाऱ्यांनी तासभर आधी येऊन जागा धरावी. दिंडीबरोबर असाल तर दिंडी जिथे बसते तिथेच बसावं, ती जागा रिंगणाच्या आतली आणि सुरक्षित असते. नंतर उडीचे खेळ, फुगडी, हुतूतू सुरू होतात. त्यात जरूर उतरा. सत्तरीच्या आजी फुगडीला हात पुढे करतात, तो हात धरा. मोबाइल खिशात ठेवा. आणि एक कळकळीने सांगतो : टँकरखाली अंघोळ करणाऱ्या, कपडे वाळवणाऱ्या, थकून झोपलेल्या माणसांचे फोटो काढू नका.

उभं रिंगण रस्त्यावरच होतं. दिंड्या दोन बाजूंना होतात आणि मधून घोडे धावतात. इथे ओळीच्या पुढे पाय काढायचा नाही, एवढाच नियम आणि तो जिवाचा आहे.

दशमी : वाखरी ते पंढरपूर

या दिवसासाठी सगळी ताकद राखून ठेवा. अंतर जेमतेम, पण पालख्या ठरलेल्या क्रमाने निघतात. नामदेवरायांची पालखी पंढरपुरातून संतांना घ्यायला वाखरीला आलेली असते आणि परतताना ती सगळ्यांच्या पुढे राहते. माऊलींची पालखी सगळ्यांत शेवटी. त्यामुळे सकाळभर बसून राहावं लागतं, दुपारनंतर चाल सुरू होते आणि माऊली रात्री पंढरपुरात पोहोचतात. वाटेत इसबावीच्या बाजूला विसाव्यापाशी माऊलींच्या पादुका शितोळे सरकारांच्या गळ्यात दिल्या जातात आणि पुढे त्या तशाच नेल्या जातात.

सकाळी भरपेट जेवा. पाण्याची बाटली भरलेली ठेवा. शौचाला जाऊन या, मधे सोय सापडणं कठीण. गर्दीत रेटा आला तर हात छातीशी आडवे धरा, रेट्याबरोबर तिरके सरकत कडेला या, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. लहान मुलांना, दम्याच्या रुग्णांना आणि ज्यांना गर्दीत गुदमरतं त्यांना पहाटेच पुढे पंढरपूरला पाठवून द्यावं. पालखीबरोबरच शिरलं पाहिजे असा काही दंडक नाही.

पंढरपुरात

दिंडीबरोबर असाल तर मठात किंवा नदीपलीकडच्या ६५ एकरच्या तळावर सोय असते. स्वतःची खोली हवी असेल तर ती महिनोन्‌महिने आधी ठरवावी लागते, ऐन वेळी मिळत नाही.

एकादशीचा क्रम चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, दर्शन आणि उपास असा. चंद्रभागा म्हणजे भीमाच. उजनीतून किंवा नीरेवरच्या वीर धरणातून पाणी सोडलं की तिची पातळी वाढते. वाळूउपशामुळे पात्रात खड्डे आहेत. कमरेइतक्याही पाण्यात जाऊ नका, घाटाजवळ बसून तांब्याने अंग भिजवलं तरी स्नान होतं. ध्वनिक्षेपकावरच्या सूचना ऐका.

दर्शनाबद्दल मन आधीच तयार करा. पदस्पर्शाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. या दिवसांत देवाचा पलंग काढलेला असतो, मंदिर रात्रंदिवस उघडं राहतं, तरीही एकादशीला रांगेत कितीतरी तास जातात, कधी दिवस उलटतो. मुखदर्शनाची रांग वेगळी आणि तुलनेने लवकर सरते. पाच दिवस चालून थकलेल्या नवख्याने एकादशीला पदस्पर्शाच्या रांगेला लागू नये असं मला वाटतं. आयुष्यभर वाऱ्या केलेले कितीतरी वारकरी नामदेव पायरीला माथा टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि परततात. त्या पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. ज्यांना जिवंतपणी आत जाऊ दिलं नाही त्या चोखोबांसमोर थोडा वेळ थांबा. हे मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये याच गावात उपोषणाला बसावं लागलं होतं. विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायचंच असेल तर श्रावण सरल्यावर एखाद्या साध्या दिवशी या.

उपासाला साबुदाण्याची खिचडी सगळीकडे मिळते, पण चालून आलेल्या पोटाला भगर आणि दाण्याची आमटी जास्त मानवते. मधुमेह असलेल्यांनी गोळी घेऊन निर्जळ राहायचं धाडस करू नये.

परतताना

द्वादशीला पारणं फेडून बहुतेक जण निघतात, आणि म्हणूनच द्वादशीची सकाळ एसटीसाठी सगळ्यात वाईट. थांबता आलं तर पौर्णिमेपर्यंत थांबा. त्या दिवशी गोपाळपूरला काला होतो, पालख्या परत निघतात आणि तोवर गावही थोडं मोकळं होतं. एसटी यात्रेसाठी गावाबाहेर वेगवेगळ्या दिशांची तात्पुरती बसस्थानकं उभारते. विदर्भाकडची बस एकीकडे आणि पुण्याकडची दुसरीकडे असते, तेव्हा आपली बस कुठून सुटते हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. रेल्वेने जायचं तर पंढरपूरहून कुर्डुवाडी किंवा मिरज गाठता येतं, आषाढीला जादा गाड्याही असतात.

निघण्याआधी दिंडीचालकांना आणि स्वयंपाकात राबलेल्या माणसांना भेटा, भिशी राहिली असेल तर चुकती करा. पुढच्या वर्षी यायचं मनात असेल तर तेव्हाच नाव सांगून ठेवा, राहुटीतल्या जागा दिवाळीनंतर भरायला लागतात. घरी पोहोचल्यावर आठवडाभर पाय रोज कोमट मिठाच्या पाण्यात ठेवा, आणि फोडाच्या जागी लाली किंवा पू दिसला तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.